२ बाय १ ची टाइल, तीन जागा अन् एक मिस्त्री (टाइल ३ स्टार, दुकान २, मिस्त्री ५)

आधीच सांगतो, रिव्ह्यू लांब झालाय, ज्यांना फक्त स्टार बघायचेत त्यांनी वर बघून निघावं. घरासमोरचा पोर्च, मागची बोळ अन् धुण्याभांड्याची मोरी, एवढ्या तीन जागांची फरशी बदलायची होती. काम बघायला गेलं तर एवढुसं, पण त्या नादात आमच्या घरात आठ दिवस जे गणित चाललं ते सांगितल्याशिवाय मिस्त्रीला पाच स्टार कामून दिले हे कळणार नाही. दुकानाचं नाव टाकत नाही, लातुरात राहायचंय अन् उद्या ग्राउट संपलं की परत तिथंच जायचंय.

तर टाइल. २ फूट बाय १ फूट, मॅट, तपकिरी, पार्किंगला वापरतात तसली जाड. पेटीत सहा. मी सहा पेट्या घेतल्या, ७२० रुपये पेटी, ४३२० झाले, वर छोटा हत्तीचे ४०० वेगळे. ग्रिप चांगली आहे, मोरीत साबणाच्या पाण्यावरून पाय सरकत नाही हे आईनं स्वतः चालून पास केलंय. रंग दुकानात दिसला तसाच घरी निघाला, हे पण आजकाल नशीबच. मे महिन्यात दुपारी दोन वाजता अनवाणी उभं राहून बघा, भाजतंय, पण ते लातूरचं ऊन आहे, टाइलला काय बोलणार.

सरळ दोन स्टार कापले ते मापासाठी. डब्यावर २ बाय १ लिहितात, प्रत्यक्षात ६०० बाय ३०० मिलिमीटर. मला वाटलं दुप्पट म्हणजे दुप्पट, झकास. मिस्त्रींनी पहिली टाइल हातात घेतली, टेप लावला अन् म्हणले, "सर, हिला तीन मिली लांबी कमीय." मी म्हणलं अहो बरोबर डबल आहे की. तर म्हणले तेच तर चुकलंय, दोन आडव्या शेजारी ठेवल्या की मधी सांधा येतो, तो सांधा उभीच्या लांबीत कोण धरणार? ३ मिलिमीटरचा स्पेसर टाकला तर दोन रुंद्या अधिक एक सांधा म्हणजे ६०३ पाहिजे, आहे ६००. मग प्रत्येक टाइलच्या टोकाला सांधा थोडा जाड होतो. त्यांनी विटेचं उदाहरण दिलं अन् मी गप झालो, मॉड्युलर वीट १९ सेंटीमीटर लांब अन् ९ रुंद असते, १८ नाही, कारण ९ दुणे १८ अन् वरचा १ सेंटीमीटर मसाल्याचा. इतकी वर्षं गणित शिकवतोय, विटेची लांबी विषम कामून हे डोक्यात कधी आलं नव्हतं. कंपन्यांनी ६०३ ची टाइल काढावी, आडवी-उभी मिसळून लावणाऱ्यांसाठी. एकाच दिशेनं लावणाऱ्यांना काही फरक पडत नाही.

आता दुकान. सेल्समन पोरगा बोलायला गोड, पाणी विचारलं, चहा विचारला, कॉम्प्युटरवर पोर्चचं चित्र काढून दिलं. आमच्या हिची, म्हणजे बायकोची, एकच अट होती. आमच्या जुन्या पोर्चमधे दारापासून गेटपर्यंत एक सांधा सरळ गेलेला होता अन् बरोबर त्याच रेघेवर फरशी उकलली, पावसाळ्यात तिथूनच पाणी अन् बारमाही तिथूनच मुंग्या. म्हणून हिचं म्हणणं, टाइल कशा पण लावा, आडव्या लावा उभ्या लावा, पण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ रेघ एक पण गेली नाही पाहिजे. ना आडवी ना उभी. पोरगा म्हणला, "मॅडम, शंभर टक्के विना-रेघ डिझाइन देतो, आपल्याकडं शंभर पॅटर्न हायेत." अन् विटांच्या बांधणीसारखं एक चित्र दाखवलं. ही बोट ठेवून म्हणली, ही आडवी रेघ सरळच गेली की! मग दुसरं दाखवलं, त्यात उभी गेलेली. तिसऱ्यात कोपऱ्याजवळून गेलेली. शेवटी म्हणला मिस्त्री बसवताना ॲडजस्ट करतील. दुकानाचा पहिला स्टार इथंच गेला. पोर्च ६ बाय ६ फूट, १८ टाइल, बोळ २ बाय १०, दहा टाइल, मोरी १४ स्क्वेअर फूट, सात टाइल, एकूण ३५, सहा पेट्या, पैसे भरा.

घरी पेट्या फोडल्या तर एका टाइलचा कोपरा उडालेला. फोन केला, "सर, फोडलेली पेटी आम्ही घेत नसतो." न फोडता आतला कोपरा कसा दिसणार हे त्यांनी सांगितलं नाही. हा दुसरा स्टार गेला. तिसरा कशात गेला ते पुढं येतंय.

मिस्त्री आले दुसऱ्या दिवशी. उक्तं काम ठरलं, साडेपाच हजार, कटिंग धरून. पोर्चमधे उभे राहिले, हिची अट ऐकली, दोन मिनिटं बोटावर काहीतरी मोजलं अन् म्हणले, "ताई, सहा बाय सहात रेघ निघतीच. वीस वर्षं करायलोय, एकदा पण चुकवता आली नाय." मला पटलं नाही. मी म्हणलं मिस्त्री, सहा बाय सहात या टाइल लावायचे प्रकार किती असतील माहितीय का, त्यात एक पण तसला नसेल? ते म्हणले मोजा तुम्ही, मी तवर मोरीचं उकरतो.

मग काय, मोजायला बसलो. पोरीनं (दहावीला आहे) जुन्या लग्नपत्रिका कापून दोन घराचे तुकडे केले अन् वहीवर चौकोन आखले. सुरुवात बोळीपासून, कारण ती सोपी. २ फूट रुंद, १० फूट लांब. एक टाइल आडवी टाकली तर बोळीचा एक फूट संपतो. उभी टाकली तर तिच्या शेजारी दुसरी उभीच येणार, दुसरं काही बसतच नाही, म्हणजे जोडीनं दोन फूट संपतात. एवढंच. आमचे अण्णा खाटेवर बसून ऐकत होते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मराठीचे मास्तर म्हणून रिटायर झालेत, एकदम म्हणले, "अरे हे लघु-गुरू झालं की!" लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. दहा मात्रांची ओळ लघु-गुरूनी किती तऱ्हांनी भरते तेवढ्याच तऱ्हांनी बोळ भरणार. शेवटी लघु असेल तर आधीच्या नऊ मात्रा, गुरू असेल तर आधीच्या आठ, म्हणून मागच्या दोन संख्यांची बेरीज करत जायची: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९. बोळीचे ८९ प्रकार. हाच आकड्यांचा क्रम जगात फिबोनाचीच्या नावानं चालतो, त्याचं पुस्तक १२०२ चं, पण आपल्याकडं विरहांकानं अन् नंतर बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी तो छंदशास्त्रात त्याच्या आधीच सांगून ठेवलाय. अण्णांनी लगेच ठरवलं की बोळीत लघु लघु गुरू, लघु लघु गुरू असंच पाहिजे, दहा मात्रांना शेवटी दोन लघु उरतात ते गेटकडं. तसंच बसवलंय. पाहुण्यांना कळत नाही पण अण्णा रोज सकाळी काठी टेकत त्यावरून म्हणत जातात.

पोर्चची गोष्ट वेगळी. आधी छोटं करून ४ बाय ४ हातानं मोजलं. मधोमध उभी रेघ धरली. एक पण टाइल ती रेघ ओलांडत नसेल तर दोन्हीकडं २ बाय ४ चे पट्टे, प्रत्येकी ५ प्रकार, पाचे पाचे पंचवीस. चारही टाइल ओलांडत असतील तर एकच प्रकार. दोन ओलांडत असतील तर वरच्या दोन ओळींत असल्या तर ४, खालच्या दोन ओळींत ४, पहिल्या अन् शेवटच्या ओळीत १, मधल्या दोन ओळींत १. बेरीज ३६. पोरीनं पत्रिकेचे तुकडे मांडून सगळे छत्तीस खरे करून बघितले, रात्रीचे साडेअकरा वाजले.

६ बाय ६ हातानं करायचा नाद सोडला. भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, त्यानं ओळीमागून ओळ भरत जाणारा प्रोग्राम लिहिला अन् उत्तर पाठवलं, ६७२८. फिरवून किंवा आरशात बघून एकसारखे दिसणारे एकच धरले तरी ८४१ च्या खाली येत नाहीत, कारण एका मांडणीची फिरवून-उलटून जास्तीत जास्त आठच रूपं होतात. म्हणजे त्या सेल्समनचे शंभर पॅटर्न म्हणजे त्यानं कमीच सांगितले! मला वाटलं झालं, एवढ्या ६७२८ मधे बिनरेघेचा एक तरी सापडणारच, मिस्त्री हरले.

हरलो मीच. अन् ते सुद्धा प्रोग्रामनं नाही, नुसत्या तर्कानं, रात्री अंथरुणात पडल्या पडल्या. बघा कसं. ६ बाय ६ मधे भिंतीपासून भिंतीपर्यंत जाऊ शकणाऱ्या रेघा किती, ५ उभ्या ५ आडव्या, दहा. रेघ तोडायची म्हणजे तिच्यावर आडवी पडणारी निदान एक टाइल पाहिजे. पण एक चालतच नाही, कारण रेघेच्या डाव्या बाजूची घरं सहाच्या पटीत म्हणजे सम, पूर्ण डावीकडं असलेल्या टाइल दोन-दोन घरं खातात, म्हणून रेघ ओलांडणाऱ्या टाइल पण समच येणार. म्हणजे कमीत कमी दोन. दहा रेघा, प्रत्येकी दोन टाइल, वीस. अन् एक टाइल एकाच रेघेवर पडू शकते, तिच्या पोटातून एकच रेघ जाते. वीस पाहिजेत, आहेत अठरा. संपलं. सहा हजार सातशे अठ्ठावीसच्या सहा हजार सातशे अठ्ठावीस मांडण्यांत कुठं ना कुठं रेघ आहेच. मी उठून लाइट लावला, ही म्हणली काय झालं, म्हणलं मिस्त्री बरोबर होते. ती म्हणली मला माहिती होतं.

सकाळी मिस्त्रींना सांगितलं तर हसले फक्त, अन् म्हणले, "सर, एक फूट कमी करता का?" गेटच्या बाजूनं एक फुटाची पट्टी शहाबादीची टाकू, तिथं चपला काढता येतील, उरलेला ५ बाय ६ होईल, त्यात जमतं कधी कधी. मी वही घेतली. ५ बाय ६ म्हणजे १५ टाइल. एका दिशेच्या चार रेघा, त्यांच्या बाजूची घरं सम, प्रत्येकी दोन, आठ झाल्या. दुसऱ्या दिशेच्या पाच रेघा, त्यातल्या तीन रेघांच्या बाजूला विषम घरं येतात, तिथं एक-एक टाइल पुरते, उरलेल्या दोनला दोन-दोन, म्हणजे सात. आठ अन् सात पंधरा. पाहिजेत पंधरा, आहेत पंधरा! एक टाइल इकडची तिकडं नाही. अंगावर काटा आला राव. हिशोब जुळला म्हणून मांडणी मिळतेच असं नसतं, पण पोरीनं शाळेत जायच्या आधी पत्रिकेचे पंधरा तुकडे सरकवून सरकवून ती काढलीच, मिस्त्रींनी मोबाइलवर फोटो घेतला अन् तशीच बसवली. एका फुटाला सांध्यासकट ३०३ मिलिमीटर धरल्यामुळं कडेला थोडी फट राहिली ती स्कर्टिंगखाली गेली. आता आमच्या पोर्चमधे कुठूनही बघा, रेघ निघते अन् दोन-चार पावलांवर टाइलला धडकून थांबते.

मोरीकडं वळतो, कारण दुकानाचा तिसरा स्टार तिथं गेला. मोरी ४ बाय ४, पण एका कोपऱ्यात सांडपाण्याची जाळी, एक चौरस फूट, अन् बरोबर समोरच्या तिरप्या कोपऱ्यात नळाचा ओटा, तो पण एक चौरस फूट. राहिले १४. सेल्समननं भागिले दोन केलं, सात टाइल, "सर, कटिंगच नाही, अख्ख्या सात बसत्यात." मिस्त्री म्हणले एक कापावी लागंल. मी त्या सेल्समनला फोन करून विचारलं तर तो ठाम, कॉम्प्युटर सात दाखवतोय, तुमचा मिस्त्री कटिंगचे पैसे काढायलाय. आमचं काम कटिंग धरून उक्तं होतं, मिस्त्रीला त्यात एक रुपया मिळणार नव्हता. समोर नसलेल्या माणसावर असं बोलायचं नसतं.

मिस्त्री बरोबर कसे हे पोरीनं उकरलेल्या मोरीतच दाखवलं. सोळा घरं आखली, एक सोडून एक गेरू अन् रांगोळी, बुद्धिबळाच्या पटासारखं. आठ लाल आठ पांढरी. तिरपे समोरासमोरचे कोपरे एकाच रंगाचे येतात, आमच्याकडं दोन्ही लाल आले. म्हणजे राहिली आठ पांढरी अन् सहा लाल. टाइल कशी पण ठेवा, ती एक लाल अन् एक पांढरं झाकते. सहा टाइल झाल्या की दोन पांढरी उरणार, ती एकमेकाला कधी चिकटलेली नसतात, म्हणून सातवी कापून दोन तुकडेच करावे लागतात. हेच कोडं अख्ख्या पटावर १९४६ साली मॅक्स ब्लॅक नावाच्या तत्त्वज्ञानं मांडलं होतं. नळ शेजारच्या कोपऱ्यात असता तर कापायची वेळ आली नसती. राल्फ गोमोरी नावाच्या गणितज्ञानं दाखवलंय की पटावरून एक लाल अन् एक पांढरं कुठलंही काढा, बाकीचं भरतंच, कारण सगळ्या घरांतून एकदाच फिरून परत येणारी वाट काढता येते, ती त्या दोन घरांपाशी तोडली की तुकड्यांत घरं सम उरतात. प्लंबर आला होता तेव्हा हे माहीत असतं तर! असो, आता नळ हलवायचा म्हणजे भिंत फोडायची.

अर्धे तुकडे पाहिजे तेवढे वापरा म्हणलं की मग काय, २ बाय २ च्या जागेत अख्ख्या टाइलचे दोनच प्रकार असतात, अर्धे चालतात म्हणलं की सात होतात, अन् मोठ्या जागेसाठी त्याचं सरळ सूत्र पण हाती नाही. अख्ख्या टाइलसाठी मात्र आहे. १९६१ साली कास्टेलाइननं, अन् त्याच वर्षी वेगळे टेम्परली-फिशर या जोडीनं काढलं, तिघांना फरशीशी काही देणंघेणं नव्हतं, पृष्ठभागावर दोन-दोन अणूंचे रेणू कसे चिकटून बसतात ते मोजायचं होतं. सूत्र अजब आहे, प्रत्येक पदात कोसाइनचे वर्ग, अन् सगळी पदं गुणली की पूर्ण संख्या पडते. २ बाय २ ला एकच पद, १ अधिक १, दोन, तेवढं मी स्वतः तपासलं. माझं काम धरलं तर पोर्च १५, बोळ १०, मोरी ७, एकूण ३२ टाइल, ६४ चौरस फूट, म्हणजे बरोबर बुद्धिबळाच्या पटाएवढं. हे सगळं एकाच ८ बाय ८ च्या खोलीत असतं तर प्रकार १ कोटी २९ लाख ८८ हजार ८१६. रोज एक बसवून उकरला तरी साडेपस्तीस हजार वर्षं.

मिस्त्रींबद्दल अजून थोडं. तीन दिवस आले, नऊच्या ठोक्याला. ढाळ पाण्यानं तपासून दाखवला. कुठं पण टाइल पोकळ वाजत नाही, मी सगळीकडं नाण्यानं वाजवून बघितलंय. एक दिवस कटरची धूळ शेजारच्यांच्या वाळवणावर गेली, पापड होते, त्याचं ऐकून घ्यावं लागलं, पण त्यांनी स्वतः जाऊन माफी मागितली. वही कधी धरली नाही म्हणतात. माझ्या क्लासच्या पोरांसमोर एकदा ६ बाय ६ ची गोष्ट सांगायला या म्हणलं तर लाजले, "तुमीच सांगा सर, मला निस्ती दिसती रेघ."

दुकानाकडं परत गेलो होतो, उरलेल्या टाइल घेता का विचारायला. ३६ मधून एक कोपरा उडालेली गेली, ३२ लागल्या, तीन उरल्या. सुट्या घेत नाहीत म्हणले. कॉम्प्युटरवाला पोरगा नव्हता, नाहीतर गेरू-रांगोळी दाखवायची इच्छा होती. तुम्ही जाणार असाल तर पेटी दुकानातच फोडून बघा, अन् किती टाइल लागतील ते त्यांना नाही, मिस्त्रीला विचारा.

त्या तीन टाइल तुळशीपुढं २ बाय ३ च्या जागेत टाकायच्या ठरल्यात. तिथं तीनच प्रकार होतात. अण्णांना लघु गुरू पाहिजे, हिला गुरू लघु, पोरीला तीन लघु. आई म्हणती शेणानं सारवा. मिस्त्री शनिवारी येणारेत.